जुन्या मदरबोर्डवर रॅम वाढवून देणारे रत्नागिरीतील एक दुकान

जुन्या संगणकाची रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) वाढवण्याचा विचार असेल, तर रत्नागिरीत राम आळीच्या परिसरात पहिल्या मजल्यावर असलेल्या एका छोट्या दुरुस्ती दुकानात तो संगणक घेऊन जावा, अशी शिफारस मी पूर्ण विचारान्ती करीत आहे. पाटी लहान आहे, जिना अरुंद आहे आणि आत दोन माणसे उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावे लागते. परंतु ग्राहकाने मागितलेली रॅम काउंटरवर ठेवण्यापूर्वी ती त्याच्या मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर) चालेल की नाही, हे तपासून सांगणारी दुकाने फार थोडी आहेत आणि हे दुकान त्यांपैकी एक आहे.

पावस आणि पूर्णगड यांच्या दरम्यानच्या एका गावातील वाचनालयाच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. वाचनालय ‘क’ वर्गातील असल्यामुळे अनुदानाच्या रकमेत नवे संगणक बसत नाहीत आणि जे आहेत त्यांच्यावरच ग्रंथनोंदणी, पुस्तकांची देवाणघेवाण आणि जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅनिंग चालवावे लागते. आमच्याकडे तीन असेंबल्ड संगणक आहेत आणि तिन्ही निरनिराळ्या काळातले आहेत. सर्वांत जुन्यात इंटेलच्या जी३१ चिपसेटचा (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड आहे, दुसऱ्यात जी४१ चिपसेटचा आणि त्यातल्या त्यात नव्या संगणकात एच६१ चिपसेटचा. तिन्हींवर रॅमसाठी दोनच स्लॉट आहेत. मुंबईत नोकरी करणाऱ्या गावच्या एका चाकरमान्याने वाचनालयाला देणगी म्हणून डीडीआर३ प्रकारच्या (डीडीआर२ नंतरच्या पिढीच्या), प्रत्येकी ४ जीबीच्या दोन नव्या कोऱ्या स्टिक, म्हणजे रॅमच्या पट्ट्या, पाठवल्या आणि त्या कोणत्या संगणकात बसवाव्यात, हा प्रश्न आमच्यापुढे आला. देणगी देणाऱ्याची इच्छा अशी होती की स्कॅनिंगचा संगणक वेगाने चालावा, आणि स्कॅनिंग त्या वेळी जी४१ च्या संगणकावर होत असे.

दुकानदाराला मी फोनवर एवढेच विचारले होते की या दोन स्टिक बसवून देण्याचे किती घ्याल. त्यांनी दर सांगण्याऐवजी तिन्ही सीपीयू आणि वाचनालयात पडून असलेली प्रत्येक सुटी स्टिक घेऊन येण्यास सांगितले. ही मागणी मला तेव्हा थोडी जादा वाटली, कारण तीन सीपीयू गावातून रत्नागिरीला नेणे म्हणजे टेम्पो किंवा रिक्षा आलीच. मात्र पुढे जे घडले, ते पाहता ती मागणी योग्यच होती.

रॅम वाढवण्याच्या बाबतीत बहुतेक लोक रिकामा स्लॉट आहे की नाही एवढेच पाहतात. स्लॉटची संख्या ही केवळ पहिली मर्यादा आहे. वाचनालयाच्या कपाटात दोन खण आहेत, म्हणून त्या खणांत कोणत्याही उंचीचा ग्रंथ उभा राहील असे होत नाही, तसेच येथे आहे. चिपसेटमधील किंवा प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमचा कारभार पाहणारा भाग, एकूण किती रॅम हाताळू शकतो, एका स्टिकवरील एकेका चिपची क्षमता त्याला किती चालते, त्या चिपची अंतर्गत रचना कशी आहे आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम ३२ बिटची आहे की ६४ बिटची, या सर्व गोष्टी स्लॉटइतक्याच निर्णायक असतात. दुकानदाराने आमचे तिन्ही संगणक उघडून ही प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे पाहिली आणि मला दाखवलीही.

जी३१ च्या संगणकाचा निकाल लवकर लागला. या चिपसेटची कमाल मर्यादा ४ जीबी आहे, रॅम डीडीआर२ प्रकारची लागते आणि आमच्या त्या संगणकावर ३२ बिटचे विंडोज ७ आहे. ३२ बिटच्या विंडोजमध्ये एकूण ४ जीबीच्या पत्त्यांतूनच ग्राफिक्स आणि इतर उपकरणांनाही जागा द्यावी लागत असल्यामुळे ४ जीबी रॅम बसवली तरी प्रत्यक्षात ३ ते साडेतीन जीबीच्या दरम्यानच वापरायला मिळते. शिवाय विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला आहे. या संगणकावर पैसे घालू नका, इंटरनेट न जोडता देवाणघेवाणीच्या नोंदींसाठी तो आहे तसाच वापरा, असा स्पष्ट सल्ला त्यांनी दिला. त्यांच्याकडे २ जीबीच्या डीडीआर२ स्टिक विकायला होत्या, तरीही त्यांनी हा सल्ला दिला, याची नोंद येथे मुद्दाम करावीशी वाटते.

खरा पेच जी४१ चा होता. इंटेलच्या माहितीनुसार या चिपसेटला ८ जीबीपर्यंत रॅम चालते, मदरबोर्डवर डीडीआर३ चे दोन स्लॉट आहेत आणि हातात ४ जीबीच्या दोन डीडीआर३ स्टिक आहेत. कागदावर हिशोब तंतोतंत जुळतो. स्टिकची खाचही स्लॉटमध्ये बरोबर बसते. तरीही त्या स्टिक लावल्यावर पंखा फिरला, पडदा काळाच राहिला आणि मदरबोर्डवरच्या छोट्या स्पीकरमधून लांबट बीप पुन्हा पुन्हा येऊ लागली. एकेक स्टिक आलटून पालटून दोन्ही स्लॉटमध्ये लावून पाहिली, तरी फरक पडला नाही. अशा वेळी स्टिक खराब आहे किंवा मदरबोर्ड गेला आहे, असे सांगून मोकळे होणे सोपे असते. येथे दुकानदाराने टेबलावरचा दिवा जवळ ओढला, भिंग घेतले आणि स्टिकवरच्या काळ्या चिपवरील बारीक अक्षरे मला वाचायला लावली.

देणगीदाखल आलेल्या स्टिकवर एकाच बाजूस ८ चिप होत्या. दुसरी बाजू सपाट होती. ८ चिपमध्ये ४ जीबी म्हणजे प्रत्येक चिप ५१२ एमबीची, तांत्रिक भाषेत ४ गिगाबिटची. जी४१ मधील मेमरी कंट्रोलर ज्या काळात तयार झाला, त्या काळच्या मोठ्यात मोठ्या डीडीआर३ चिपचाच त्यात विचार केलेला आहे आणि त्यामुळे त्याला २ गिगाबिटच्या, म्हणजे २५६ एमबीच्या चिपपुढे जाता येत नाही. म्हणजेच एका बाजूच्या ८ चिपमधून २ जीबी आणि दोन्ही बाजूंच्या १६ चिपमधून ४ जीबी, असाच हिशोब त्याला मान्य आहे. त्याला ४ जीबीची स्टिक चालते, पण ती १६ चिपची असावी लागते. बाजारात आज सहज मिळणारी ४ जीबीची डीडीआर३ स्टिक बहुधा ८ चिपची असते, कारण पुढच्या काळात मोठ्या क्षमतेची चिप स्वस्त पडू लागली. नवी स्टिक जुन्या मदरबोर्डवर चालत नाही आणि तीच क्षमता असलेली जुनी, वापरलेली स्टिक मात्र चालते, हे अनेकांना पटत नाही. पण त्यामागचे कारण एवढे साधे आहे.

हे ओळखण्याची खूणही त्यांनी दाखवली आणि ती प्रत्येक वाचकाला उपयोगी पडेल. नामांकित कंपन्यांच्या स्टिकच्या लेबलवर क्षमतेनंतर ‘१आर×८’ किंवा ‘२आर×८’ असे छापलेले असते. ‘आर’ म्हणजे रँक (चिपचा गट) आणि ‘×८’ म्हणजे आठ बिटांच्या रुंदीच्या चिप; म्हणून १आर×८ वर ८ चिप असतात आणि २आर×८ वर १६. जी४१ साठी ४ जीबीची जी स्टिक हवी, तिच्यावर ‘२आर×८’ असे असले पाहिजे. त्यापुढे ‘पीसी३-१०६००यू’ यासारखा मजकूर असतो. त्यातील शेवटचे ‘यू’ हे अक्षर साध्या डेस्कटॉपची रॅम दर्शवते. तेथे ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आहे आणि घरगुती डेस्कटॉपवर ती चालणार नाही, मग ती कितीही स्वस्त मिळो. सॅमसंगच्या चिपवर ‘के४बी२जी०८४६’ अशी अक्षरे असतील, तर त्यातील ‘२जी’ म्हणजे २ गिगाबिट आणि ‘०८’ म्हणजे आठ बिटांची रुंदी (चिप एका वेळी किती बिट देते ते). आमच्या नव्या स्टिकवर ‘२जी’ च्या जागी ‘४जी’ होते. हायनिक्सच्या चिपवर हीच माहिती ‘एच५टीक्यू२जी८३’ अशा स्वरूपात येते.

केवळ चिप मोजून भागत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. स्वस्त दरात विकल्या जाणाऱ्या काही ४ जीबीच्या स्टिकवर १६ चिप असतात, परंतु त्या चिप चार बिटांच्या रुंदीच्या असतात आणि अशा स्टिक केवळ काही एएमडी मदरबोर्डवर चालतात. विक्रेत्याने ‘फक्त एएमडीसाठी’ असे लिहिले असेल तर बरे. लिहिले नसेल तर इंटेलच्या जुन्या मदरबोर्डवर ती स्टिक निरुपयोगी ठरते. दुकानदाराने आपल्या खणातून अशी एक स्टिक काढून दाखवली. तिच्यावरच्या सॅमसंगच्या चिपवर ‘०८’ च्या जागी ‘०४’ होते. दुरून पाहिली असती, तर ती आमच्या कामाचीच वाटली असती. डीडीआर२ च्या ४ जीबी स्टिकच्या बाबतीत तर हा प्रकार फारच आढळतो, म्हणून जी३१ किंवा त्याच काळातील मदरबोर्ड असलेल्यांनी अधिक सावध राहावे.

यानंतर एच६१ चा संगणक टेबलावर आला. या चिपसेटला प्रत्येक चॅनलवर (रॅमकडे जाणाऱ्या दोन मार्गांपैकी प्रत्येकावर) एकच स्टिक चालते, म्हणून स्लॉट दोनच असतात. परंतु ४ गिगाबिटची चिप त्याला चालत असल्यामुळे ८ जीबीच्या दोन स्टिक लावून १६ जीबीपर्यंत जाता येते. (१६ जीबीची एकच डीडीआर३ स्टिक मात्र या पिढीला चालत नाही.) आमच्या या संगणकात २ जीबीच्या दोन स्टिक होत्या आणि तरीही विंडोज २ जीबीच दाखवत असे. वाचनालयात आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो की दुसरा स्लॉट खाऱ्या हवेने गेला आहे.

दुकानदाराने स्लॉटला हात लावण्यापूर्वी कूलर काढला आणि प्रोसेसर उचलला, तेव्हा मला आश्चर्य वाटले. त्यांचे स्पष्टीकरण असे होते: जी४१ सारख्या जुन्या मदरबोर्डमध्ये मेमरी कंट्रोलर चिपसेटमध्ये असतो, पण एच६१ च्या मदरबोर्डवर बसणाऱ्या प्रोसेसरमध्ये तो प्रोसेसरच्याच आत असतो. त्यामुळे या पिढीत एखादा स्लॉट दिसेनासा झाला, तर दोष सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या जागेत) असण्याची शक्यता तपासावी लागते. भिंगातून पाहिल्यावर सॉकेटच्या एका कडेला एक पिन शेजारच्या पिनकडे झुकलेली दिसली. कधीतरी प्रोसेसर काढून पुन्हा बसवताना ती वाकली असावी. अतिशय बारीक सुईने, श्वास रोखून, त्यांनी ती पिन हळूहळू सरळ केली, प्रोसेसर जागेवर ठेवला, थर्मल पेस्ट नव्याने लावली आणि कूलर चारही बाजूंनी सारख्या दाबाने बसवला. संगणक सुरू केला, तेव्हा बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये) ४ जीबी दिसू लागली. अनेक ठिकाणी अशा वेळी मदरबोर्ड बदलण्याचाच सल्ला मिळतो, आणि या पिढीचा नवा मदरबोर्ड घेणे म्हणजे वॉरंटीच्या भरवशावर अनोळखी कंपनीचा माल घेणे होय.

आता गणित आपोआप सुटले. चाकरमान्याने पाठवलेल्या ४ जीबीच्या दोन्ही स्टिक एच६१ मध्ये बसल्या आणि तो संगणक ८ जीबीचा झाला. त्यातून निघालेल्या २ जीबीच्या दोन स्टिक प्रत्येकी ८ चिपच्या, २ गिगाबिटच्या चिपच्या होत्या, म्हणजे जी४१ ला चालणाऱ्या. त्या तेथे गेल्या आणि पूर्वी २ जीबीवर चालणारा तो संगणक ४ जीबीचा झाला. स्कॅनर आम्ही एच६१ च्या संगणकाला जोडला, त्यामुळे देणगी देणाऱ्याचा हेतूही साधला. या साऱ्या व्यवहारात दुकानदाराने आम्हाला एकही स्टिक विकली नाही. तपासणी, पिनची दुरुस्ती आणि साफसफाई यांची मजुरी तेवढी घेतली. सुट्या स्टिकसह सर्व संगणक एकाच वेळी मागवण्यामागचा त्यांचा विचार मला तेव्हा कळला.

दोन्ही स्लॉटमध्ये सारख्या क्षमतेच्या स्टिक असाव्यात, असा त्यांचा आग्रह असतो आणि तो सकारण आहे. आमच्यासारख्या संगणकांत वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. पडद्यावरच्या चित्रासाठीही मुख्य रॅममधूनच वाटा जातो आणि दोन्ही चॅनल एकत्र चालले तर त्याचा फायदा होतो. मात्र ४ आणि २ अशा असमान स्टिक लावल्या तरी इंटेलच्या या मदरबोर्डवर काम अडत नाही. दोन्हींतील सारखा भाग दोन चॅनलवर चालतो आणि उरलेला एकावर.

किनारपट्टीवरील संगणकांच्या बाबतीत एक गोष्ट या दुकानात जितक्या काळजीने केली जाते, तितकी मी अन्यत्र पाहिलेली नाही. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या, दमट वाऱ्याने रॅमच्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर, कधी हिरवट थर धरतो आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत बंद पडलेल्या संगणकांपैकी कित्येक केवळ त्या थरामुळे बंद पडलेले असतात. खोडरबर घासून स्टिक पुन्हा बसवणे, हा उपाय सर्वांनाच माहीत आहे. येथे त्यासाठी मऊ पांढरे खोडरबर वापरतात, हलक्या हाताने आणि एकाच दिशेने फिरवतात, कारण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि जोराने घासल्यास तो निघून जाऊन पुढच्या पावसात गंज लवकर चढतो. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून खोडरबराचा प्रत्येक कण काढला जातो, कारण तो स्लॉटमध्ये अडकला तर पूर्वीपेक्षा अधिक त्रास होतो. स्लॉट आतून साफ करण्यासाठी मऊ ब्रश आणि हवेचा ब्लोअर वापरला जातो. आमच्या जी४१ च्या एका स्लॉटमध्ये धूळ आणि ओल यांचा अक्षरशः थर बसलेला होता.

साफसफाईनंतर तिन्ही संगणकांवर मेमटेस्ट हा तपासणीचा प्रोग्रॅम रात्रभर चालवला गेला, म्हणून ते दुसऱ्या दिवशी मिळाले. ग्राहकाला हा उशीर वाटू शकतो. परंतु रॅममधील दोष असा असतो की संगणक सुरू होतो, काही वेळ चालतो आणि मोठी फाइल उघडल्यावर निळा पडदा देतो किंवा मुकाट्याने माहिती बिघडवतो. ग्रंथनोंदणीची फाइल अशी बिघडली तर ती चूक वर्षभर लक्षात येणार नाही. त्यामुळे रात्रभराची ही तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते.

जी४१ च्या संगणकावर आम्ही त्यांच्याकडूनच ६४ बिटचे लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून घेतले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या पिढीच्या प्रोसेसरला मान्यता देत नाही, त्यामुळे ४ जीबीच्या या संगणकासाठी हाच मार्ग योग्य होता. देवनागरी टंकलेखन त्यावर व्यवस्थित चालते.

काही उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दरपत्रक लावलेले नाही आणि मजुरी काम पाहून ठरते. ती मला वाजवी वाटली, तरी आधी आकडा विचारून घेणे बरे. फोन बहुधा उचलला जात नाही, संध्याकाळी उशिरा उलट फोन येतो. बिल हाताने लिहिलेले असते आणि त्यावर मदरबोर्डचा व स्टिकचा क्रमांक लिहिण्याची प्रथा नाही. मी विनंती केल्यावर तो लिहून मिळाला, पण तो सर्वांनाच न मागता मिळावा. स्लॉटचा प्लॅस्टिकचा सांगाडा फुटला असेल तर २४० पिनांचा स्लॉट उपटून नवा बसवण्याचे काम ते घेत नाहीत. जुन्या मदरबोर्डसाठी तो खर्च परवडत नाही, असे ते सांगतात आणि ते खरे आहे. एखादी गोष्ट चालणार नसेल तर ती ते इतक्या थोडक्या शब्दांत सांगतात की काही ग्राहक नाराज होऊन परत जाताना मी पाहिले आहेत.

वापरलेल्या रॅमचा साठा अनियमित असतो, हीच खरी अडचण आहे. २आर×८ प्रकारच्या ४ जीबी डीडीआर३ स्टिक त्यांच्याकडे कधी असतात, कधी नसतात. बंद झालेल्या कार्यालयांतून किंवा बदललेल्या संगणकांतून जो माल येतो, त्यातून ते निवड करतात आणि २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात भिजलेल्या संगणकांतील स्टिक त्यांनी आजवर घेतलेली नाही. वापरलेल्या स्टिकवर एका महिन्याची हमी मिळते. ती आणखी असावी असे वाटते, पण विक्रीपूर्वी होणारी रात्रभराची तपासणी लक्षात घेता मला ती पुरेशी वाटते.

येथे जाणाऱ्यांनी संगणकातली स्टिक काढून एकटी नेऊ नये, सीपीयूच न्यावा. ‘कमाल रॅम’ दाखवणाऱ्या मोफत प्रोग्रॅमवर विसंबू नये, कारण तो आकडा बायोसमधील नोंदीवरून घेतलेला असतो आणि ती नोंद अनेकदा चुकीची असते. मदरबोर्डवर छापलेला मॉडेल क्रमांक टिपून नेणे अधिक उपयोगी पडते. सुट्या स्टिक साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा रद्दी कागदात न गुंडाळता अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत न्याव्यात. ती नसेल तर दुकानात मागितल्यास मिळते. आमच्या जी४१ ला ८ जीबीपर्यंत नेण्यासाठी लागणाऱ्या दोन स्टिक आल्या की कळवण्याचे त्यांनी मान्य केले असून, वाचनालयाचे नाव आणि मदरबोर्डचा क्रमांक त्यांच्या वहीत लिहून ठेवला आहे.